गाव, अधिसूचना आणि तीन उत्तरे

प्रशासकीय कायद्याचा पेपर सुटल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे जिथे हमखास जुळत नाहीत, तो प्रश्न प्रत्यायोजित विधानाचा. व्याख्येत सहसा कोणी चुकत नाही. विधिमंडळ कायदा करते, त्याच कायद्याने तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला, बहुधा शासनाला, सोपवते आणि त्या अधिकारात जे नियम होतात त्यांना प्रत्यायोजित विधान म्हणतात. दुय्यम विधान हे त्याचेच दुसरे नाव. मतभेद होतात ते उदाहरणाच्या प्रश्नात. अशा प्रश्नाचा एक नेहमीचा साचा असा: शासनाने अधिसूचना काढून एक गाव महापालिकेच्या हद्दीत घेतले, ग्रामस्थांना समक्ष बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले नाही, तर ती अधिसूचना टिकेल का?

वसई तालुक्यातल्या सांडोरसारख्या गावात वाढलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. २००१ च्या जनगणनेत सांडोरची नोंद ‘जनगणना नगर’ म्हणून झाली. लोकवस्ती किमान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणनेच्या तक्त्यात गाव शहर होते. पण तेवढ्याने गावचा कारभार बदलत नाही. घरपट्टी कोणी आकारायची, बांधकामाला परवानगी कोणी द्यायची, यात त्या तक्त्याने काडीचाही फरक पडत नाही. तो पडतो राजपत्रातल्या अधिसूचनेने. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा व भोवतालची पन्नासहून अधिक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्यासाठी विधानसभेत वेगळे विधेयक मांडावे लागले नाही. अधिकार १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात आधीपासूनच होता. त्या अधिनियमाचे आजचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम.

वरच्या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले उत्तर नैसर्गिक न्यायाचे: ज्याच्यावर परिणाम होणार त्याला ऐकून घेतलेच पाहिजे, ऐकले नाही म्हणून अधिसूचना रद्द. दुसरे नेमके उलटे: हे कायदे करण्याच्या स्वरूपाचे काम आहे, त्यात ऐकून घेण्याचे बंधन नसते, म्हणून अधिसूचना वैध. तिसरे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आधी मूळ अधिनियम उघडतो आणि तिथे अधिसूचनेसाठी कोणती पद्धत घालून दिली आहे ते पाहतो. गुण तिसऱ्याला मिळायला हवेत. ते का, हे समजण्यासाठी विषय मुळापासून पाहावा लागतो.

संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या पोटात अधिनियमांबरोबर आदेश, उपविधी, नियम, विनियम आणि अधिसूचनाही घेतल्या आहेत. म्हणजे मूलभूत हक्कांवर गदा आणणारा नियम मंत्रालयातून निघाला असला, तरी त्याला अधिनियमाइतकेच हक्कांच्या कसोटीवर उतरावे लागते. या शब्दांत ढोबळ फरक असा: नियम बहुतेक वेळा शासन करते, विनियम विद्यापीठ, परीक्षा मंडळ, वीज नियामक आयोग अशा वैधानिक संस्था करतात, उपविधी महापालिका, नगर परिषद करतात. अधिसूचना हा मात्र स्वतंत्र प्रकार नाही, ती प्रसिद्धीची रीत आहे. एखाद्या अधिकाऱ्याची नेमणूकही अधिसूचनेने होते आणि कर लावण्याचा नियमही अधिसूचनेनेच निघतो. पहिले काम प्रशासकीय, दुसरे विधानाचे. वर ‘अधिसूचना’ असे छापले आहे, एवढ्यावरून आत काय आहे ते ठरत नाही.

इथे दोन ठिकाणी चांगले अभ्यासूही घसरतात. पहिले ठिकाण गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींचे. वसई-विरारमध्ये सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हा शब्द पडलेला असतो, आणि महापालिकेचे उपविधी व सोसायटीचे उपविधी एकाच जातीचे असा समज होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँकेच्या प्रकरणात सांगितले की सहकारी संस्थेचे उपविधी सभासदांना आपसांत बांधतात, कंपनीच्या नियमावलीसारखे. त्यांना कायद्याचे बळ नसते. दुसरे ठिकाण शासन निर्णयाचे, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सगळे जीआर म्हणतात त्याचे. बहुतेक जीआर कोणत्याही अधिनियमाने सोपवलेल्या अधिकारातून निघत नाहीत. राज्याच्या कार्यकारी अधिकारातून निघतात. जिथे नियम गप्प आहे तिथे जीआर पोकळी भरू शकतो. नियमाने एक सांगितले असताना जीआरने दुसरे सांगितले, तर मात्र नियमाचेच खरे. नोकरभरतीपासून शाळांच्या अनुदानापर्यंत जीआरवर इतके काही चालते, की हा फरक वकिलीच्या पहिल्याच वर्षात उपयोगी पडतो.

विधिमंडळ आपले काम दुसऱ्यावर का सोपवते, याची कारणे पाठ्यपुस्तकांत मिळतात: वेळ अपुरा, विषय तांत्रिक, परिस्थिती पुढे काय वळण घेईल ते ठाऊक नसणे. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक उदाहरण फार बोलके आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आढळला आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग अधिनियम झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. साथ पसरत असेल आणि नेहमीचे कायदे पुरत नसतील, तर सरकारने लोकांनी पाळायचे तात्पुरते विनियम करावेत, एवढेच त्याचे सार. घरांची झडती कशी घ्यायची, कोणाला वेगळे ठेवायचे, प्रवाशांना कुठे तपासायचे, सगळे विनियमांवर सोडलेले. अशा कायद्याला सांगाडा कायदा म्हणतात: हाडे विधिमंडळाची, मांस सगळे अंमलदाराचे. त्या अधिकारात प्लेगच्या काळात पुण्यात घराघरांत ज्या झडत्या झाल्या त्यांचा संताप इतिहासात नोंदलेला आहे. हाच १८९७ चा सांगाडा पुन्हा वापरून १४ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोविड-१९ चे विनियम काढले. सोपवलेला अधिकार किती उपयोगी आणि किती धोक्याचा असू शकतो, हे एकाच छोट्या कायद्याच्या या दोन टोकांवरून दिसते.

मग सोपवण्याला मर्यादा कोणती? सुरुवात १८७८ च्या ‘द क्वीन विरुद्ध बुराह’ या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून होते. १८६९ च्या एका अधिनियमाने गारो टेकड्यांचा प्रदेश नेहमीच्या न्यायालयांच्या अधिकारातून काढला होता, आणि तीच व्यवस्था खासी व जैंतिया टेकड्यांना कधी लागू करायची ते बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरवर सोडले होते. कलकत्ता उच्च न्यायालयाला हे बेकायदा वाटले. प्रिव्ही कौन्सिलला वाटले नाही. कायदा पूर्ण झालेला आहे, तो कुठे आणि केव्हा लागू करायचा एवढेच ठरवायचे उरले आहे, असे त्यांचे म्हणणे. याला सशर्त विधान म्हणतात. तयार दिव्याची कळ दाबण्याचा हा अधिकार आहे, दिवा बनवण्याचा नव्हे. प्रत्यायोजित विधानात मात्र दिव्याचे काही भागही दुसराच बनवतो. परीक्षेत या दोहोंतला फरक विचारला जातो आणि पुष्कळ जण दोन्हींची व्याख्या एकच लिहून येतात.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवला. तो १९५१ चा ‘दिल्ली लॉज अ‍ॅक्ट’ खटला. सात न्यायाधीश आणि सात वेगळी मते, म्हणून विद्यार्थी त्याला घाबरतात. सातांच्या मतांतून वर आलेले सूत्र मात्र सरळ आहे. धोरण ठरवणे आणि त्याला बंधनकारक नियमाचे रूप देणे हा विधिमंडळाच्या कामाचा गाभा. तो कोणावर सोपवता येत नाही. गाभा राखून तपशील सोपवता येतो. त्या खटल्यात तीन अधिनियम तपासले गेले. दोन पूर्ण टिकले. तिसऱ्यातला एक तुकडा तेवढा पडला: दुसऱ्या राज्याचा कायदा लागू करताना आधीपासून अमलात असलेला कायदा रद्द करण्याची वा बदलण्याची मुभा केंद्र सरकारला देणारा. अस्तित्वात असलेला कायदा रद्द करणे हे गाभ्याचे काम ठरले.

तीन वर्षांनी हेच सूत्र दोन खटल्यांत वापरले गेले, आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की गाभा म्हणजे काय ते कळते. हरिशंकर बागला आणि त्यांच्या पत्नी मुंबईहून कानपूरला निघाले असताना इटारसीला त्यांच्याजवळ सहा मणांहून अधिक नवे सुती कापड सापडले, परवाना नव्हता. कापडाच्या वाहतुकीवर बंधन घालणारा आदेश १९४६ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली निघाला होता. न्यायालय म्हणाले, पुरवठा टिकवणे व वाढवणे आणि वाटप न्याय्य भावात करणे हे धोरण अधिनियमातच सांगितले आहे, आदेश त्या चौकटीत आहे, म्हणून तो वैध. दुसरा खटला राजनारायण सिंग यांचा, पाटण्याचा. बिहारच्या नगरपालिका अधिनियमात नव्या वस्तीवर नगरपालिका आणि तिचे कर लादण्याआधी रहिवाशांच्या हरकती ऐकण्याची तरतूद होती. सरकारने अधिसूचनेने कराचे कलम तेवढे उचलले, त्यात बदल केला आणि हरकतींचा टप्पा वगळून ते पाटण्याच्या वाढीव भागाला लावले. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालात ही अधिसूचना अवैध ठरली. लोकांना ऐकल्याशिवाय नगरपालिकेचे कर लादायचे नाहीत हे त्या अधिनियमाचे धोरणच होते, आणि धोरण बदलण्याचा अधिकार सरकारला नव्हता. पाटण्याच्या लोकांना ऐकून घेण्याचा हक्क मिळाला तो त्या अधिनियमाच्या धोरणातून, ही बाब नीट लक्षात ठेवायला हवी.

महाराष्ट्रातला जो खटला गावाच्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो, तो वसई ज्या जिल्ह्यात तेव्हा होती त्या ठाणे जिल्ह्यातलाच आहे. (पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.) कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून एक महापालिका करण्याचा मसुदा शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. हरकती आल्या. त्यानंतर शासनाने उल्हासनगर वगळले आणि उरलेल्या तिघांची कल्याण महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ पासून स्थापन केली. मसुदा चार शहरांचा, अंतिम अधिसूचना तीन शहरांची. मग उरलेल्या तीन शहरांना नव्याने हरकतीची संधी द्यायला नको होती का? मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला फेरविचार करायला सांगितले. ‘सुंदरजस कन्यालाल भाटिजा विरुद्ध ठाणे जिल्हाधिकारी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ते फिरवले. महापालिकेची हद्द ठरवणे हे विधानाच्या स्वरूपाचे काम आहे. विधिमंडळाला जशी कोणाची सुनावणी घ्यावी लागत नाही तशी अशा कामात शासनालाही लागत नाही. अधिनियमाने जेवढी पद्धत घालून दिली आहे तेवढी मात्र पाळली पाहिजे, असा त्या निकालाचा आशय.

ती पद्धत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ मध्येच आहे: अधिसूचना काढण्याचा अधिकार पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर दिलेला आहे. पूर्वप्रसिद्धीचा अर्थ राज्याच्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात सापडतो. आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल ते सांगायचे, आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या. लेखी हरकत घेण्याचा हक्क आहे. समोर उभे राहून बोलण्याचा नाही. पहिले उत्तर चुकते ते नसलेली सुनावणी मागितल्यामुळे, आणि दुसरे अधुरे राहते ते पूर्वप्रसिद्धीची अट न पाहिल्यामुळे. मसुदाच प्रसिद्ध केला नसेल तर अधिसूचना पडेल.

गावकऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर १९८७ चा बलदेव सिंग खटला विसरता कामा नये. हिमाचल प्रदेशात काही गावांचे ‘अधिसूचित क्षेत्र’ करताना कायद्यात सुनावणीचा उल्लेख नव्हता, तरी करांचा बोजा वाढतो आणि गावाचे स्वरूप बदलते म्हणून लोकांना म्हणणे मांडू दिले पाहिजे, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कल्याणचा निकाल नंतरचा आणि थेट महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमावरचा, म्हणून महाराष्ट्रात तोच लागू पडतो. पण माणसाच्या रोजच्या जगण्याकडे पाहण्याची बलदेव सिंग निकालाची दृष्टी अधिक न्याय्य आहे. शेतजमीन, विहिरी आणि वाड्यांवर जगणाऱ्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात महापालिकेत जाणे म्हणजे नुसता पत्ता बदलणे नव्हे. वसईत २००९ नंतर गावे वगळण्यासाठी मोठे आंदोलन झाले, त्याचे नेते विवेक पंडित त्याच वर्षी आमदार म्हणून निवडून आले, आणि २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळणारी अधिसूचना काढली. तिला महापालिकेनेच उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. ज्या अधिकाराने गाव आत घेता येते त्यानेच ते बाहेरही काढता येते. फक्त बाहेर काढतानाही पद्धत तीच पाळावी लागते.

प्रसिद्धीचा प्रश्न यालाच जोडून येतो. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो कोणाला कळवलाच नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. १९५१ मध्ये न्यायमूर्ती बोस यांनीच तो रद्द केला. जो कायदा लोकांपर्यंत पोहोचवलाच नाही त्याने लोकांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायात बसत नाही, हे त्यांचे म्हणणे आजही तितकेच पटते. दुसऱ्या टोकाला मुंबईतला खटला, मेयर हान्स जॉर्ज नावाच्या विमानप्रवाशाचा. रिझर्व्ह बँकेची सोन्यासंबंधीची नवी अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात छापली गेली. जॉर्ज २७ तारखेला झुरिचहून मनिलाला निघाला आणि २८ ला त्याचे विमान सांताक्रूझला उतरले. त्याच्या अंगातल्या जाकिटात ३४ किलो सोने निघाले. भारतात उतरण्याचा त्याचा बेत नव्हता, आणि चार दिवसांपूर्वीची अधिसूचना त्याला ठाऊक असण्याची शक्यता कमीच. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो दोषी ठरला: राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी, ती झुरिचमध्ये पोहोचली की नाही हे पाहायचे नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. शिक्षा मात्र भोगलेल्या कैदेपुरतीच ठेवण्यात आली.

विधिमंडळ स्वतः यावर नजर ठेवते ती नियम सभागृहापुढे ठेवायला लावून. बहुतेक अधिनियमांत त्यासाठी ३० दिवसांची तरतूद असते आणि सभागृहाची समिती नियम तपासते. लोकसभेची अशी समिती १९५३ पासून आहे. नियम पटलावर ठेवायचे राहून गेले तर ते रद्द होतात का, या प्रश्नाला ‘अ‍ॅटलस सायकल’ खटल्यात १९७८ मध्ये ‘नाही’ असे उत्तर मिळाले, कारण त्या कायद्यात न ठेवण्याचा परिणामच सांगितला नव्हता. कागदावर भक्कम दिसणारे हे नियंत्रण प्रत्यक्षात कमकुवत आहे.

म्हणून खरी तपासणी न्यायालयात होते. मूळ अधिनियमाबाहेर गेलेला नियम, संविधानाविरुद्ध असलेला नियम, घालून दिलेली पद्धत मोडून केलेला नियम टिकत नाही. छपाईच्या कागदावरील शुल्काबाबतच्या १९८४ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस न्यूजपेपर्स (बॉम्बे)’ खटल्यात चौथे कारणही ठळक झाले: नियम उघडउघड मनमानी असेल तर तेवढ्यावरही तो पडू शकतो, अधिनियमाला मिळते तेवढे संरक्षण दुय्यम विधानाला नाही. मात्र नियमामागचे धोरण शहाणपणाचे आहे का, हे न्यायालय पाहत नाही.

ही शेवटची मर्यादा ज्या खटल्यात सर्वांत स्पष्ट झाली, तो परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांचाच. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत गुणांची पडताळणी, म्हणजे बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहणे, एवढेच मागता येत होते. विनियम १०४ (३) ने फेरतपासणी आणि उत्तरपत्रिका पाहणे या दोन्हींना मनाई होती. अपेक्षेपेक्षा कमी गुण पडलेले विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ही मनाई अवाजवी म्हणून रद्द झाली. जुलै १९८४ मध्ये ‘परितोष भूपेशकुमार शेठ’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. हे विनियम १९६५ च्या मंडळ अधिनियमाच्या कलम ३६ खाली झाले आहेत, अधिनियमाच्या हेतूशी जुळतात, तर फेरतपासणी द्यावी की नाही हे मंडळाने ठरवायचे. नगरपालिकेच्या उपविधीला लावतात ती वाजवीपणाची फूटपट्टी इथे चालणार नाही.

निकाल बदलला नाही, पण त्याच्या वरचा कायदा बदलला. २००५ मध्ये माहितीचा अधिकार अधिनियम आला. त्याच्याशी विसंगत असलेल्या इतर तरतुदींवर त्याचाच अंमल चालेल, असे त्याचे कलम २२ सांगते. ९ ऑगस्ट २०११ रोजी ‘सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ मानली आणि ती पाहण्यास मनाई करणारा मंडळाचा उपविधी या अधिनियमापुढे टिकणार नाही असे ठरवले. फेरतपासणीची मनाई मात्र राहिली, कारण माहितीचा अधिकार कागद दाखवायला लावतो, गुण बदलायला नाही. आज राज्य मंडळ गुणपडताळणीबरोबर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनही देते. त्यासाठीचा अर्ज, शुल्क आणि मुदत मंडळाच्या नियमांनी ठरते, आणि मुदत चुकली की उत्तर कितीही बरोबर असले तरी अर्ज घेतला जात नाही.